चमचाभर डावीकडे

मी ट्रायपॉड बोलतोय. कॅमेऱ्याच्या खाली तीन पायांचं जे लोढणं उभं असतं, ते म्हणजे मी. फोटोत डोंगर दिसतो, तळं दिसतं, कोपऱ्यात मालकांची सही दिसते. मी दिसत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, आणि ती रविवारच्या आत सांगून व्हायला हवी. रविवारी घरचे जावई हत्यारांची पेटी घेऊन येणार आहेत आणि माझा तिसरा पाय दुरुस्त करणार आहेत.

तुम्ही म्हणाल, पाय बरा होणार तर हा रडतोय कशाला? तेच सांगतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे जमीन मोजणाऱ्यांसाठी स्टँड बनत. मीसुद्धा मोजणीचाच झालो असतो. पण माझ्या तिसऱ्या पायाचा चाप बसवणारा कारागीर त्या वेळी शेजारच्याला आपल्या साडूची एक लबाडी रंगवून सांगत होता. गोष्ट ऐन रंगात आली आणि भोक अंमळ मोठं पडलं. तेव्हापासून माझ्या डोक्यावर वजन ठेवलं की तिसरा पाय नखभर आत सरकतो आणि मग थांबतो. रोज सरकतो आणि रोज तेवढाच. असला नियमितपणा चांगल्या पायांतही सापडत नाही.

मुकादमाने मला उभं केलं, दाबलं आणि मान हलवली. "मोजणीला नाही चालायचा. कुणाची तरी भिंत दुसऱ्याच्या अंगणात जाईल. फोटोवाल्यांकडे पाठवा. त्यांना काय, डोंगर डोंगरच दिसणार."

अशा रीतीने मी कलेच्या क्षेत्रात आलो.

दुकानात सहा महिने काचेमागे उभा होतो. मग एक दिवस मालक आले. त्यांनी मला तळव्याने तीनदा थोपटलं, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि "भक्कम आहे" असा निकाल दिला. माणसं वस्तू विकत घेताना थोपटून का बघतात, हे मला अजून कळलेलं नाही. दाबून जे कळतं ते मी तुम्हाला वर सांगितलंच आहे, आणि मालकांना ते आजवर कळलेलं नाही.

मालक चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवायची आणि "आता कसं दिसतंय?" असं विचारायचं, हे त्यांचं काम. त्यांनी बसवलेला चष्मा घातलेली माणसं मान थोडीशी तिरपी करून चालतात, असं मी फिरताना पाहिलं आहे. हे मालकांच्या ध्यानात कधी आलं नाही. त्यांचा स्वतःचा चष्माही डावीकडून वर असतो.

मालकांच्या पत्नी, म्हणजे बाई, घरी पडदे शिवायच्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे तागे, आणि मोजायची टेप कायम गळ्यात. त्यांची नजर भयंकर होती. परक्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्या म्हणायच्या, "तुमची खिडकी उजवीकडे बोटभर खाली आहे." घरमालकाला राग यायचा. मग टेप लावली जायची आणि त्याला बांधकाम करणाऱ्याचा राग यायचा.

पहिली सहल मला पक्की आठवते. आधी बस, मग तास-दीड तास चढण. मालकांनी गळ्यात कॅमेरा अडकवला होता. बाईंकडे मी, डबा, थर्मास, पाण्याची बाटली, छत्री आणि अर्धा शिवलेला एक पडदा. निसर्गाची ओढ असलेल्या माणसाचं सामान नेहमी दुसरंच कुणीतरी उचलतं. वर पोचलो तर समोर तळं, त्यामागे डोंगर, आणि डोंगराचं उलटं चित्र पाण्यात. मालकांनी माझे पाय फाकवले, डोक्यावर कॅमेरा घट्ट बसवला आणि डोळा लावून उभे राहिले. बाई मागे दगडावर बसून पडद्याची किनार दुमडू लागल्या.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "अहो, सांडतंय."

मालकांनी आधी थर्मासकडे पाहिलं. "काय सांडतंय?"

"तळं. डावीकडे."

"अगं, तळं कसं सांडेल?"

"कॅमेऱ्याची वरची कड बघा आणि पलीकडचा काठ बघा. फार नाही. चमचाभर सांडतंय."

"तू पडद्यांकडे बघ," मालक म्हणाले. "डोंगराचं मी बघतो."

आठ दिवसांनी फोटो धुऊन आले. सगळ्यात चांगला मोठा करून पुढच्या खोलीत लावला. पहिल्याच दिवशी शेजारचे काका आले, चहा घेता घेता उठले आणि म्हणाले, "फ्रेम वाकडी लागलीय तुमची." त्यांनी ती सरळ केली. तळं सरळ झालं, फ्रेम वाकडी झाली. मग त्यांनी परत हलवली. त्यानंतर जो येईल तो तेच करू लागला, आणि पंधरा दिवसांत त्या खिळ्याभोवतीच्या भिंतीचा रंग उडाला. मालक प्रत्येकाला सांगत, "तिथली जमीनच तशी आहे."

पुढच्या सहलीत मालकांनी मला उभं केलं आणि डोळा लावला. मग मागे वळून न बघता घसा खाकरला.

"सांडतंय का?"

बाई उठल्या. पिशवीतून पडद्याच्या कापडाचा तुकडा काढला, त्याची घडी घातली आणि माझ्या तिसऱ्या पायाखाली सरकवली.

"आता?"

"आता राहिलं."

झालं. त्या दिवसापासून त्या दोघांची ही रीत ठरून गेली. बाईंच्या पिशवीत घड्यांचं एक बोचकं आलं, नाडीने बांधलेलं. एक चमच्याची घडी, अर्ध्या चमच्याची घडी, आणि चिमूटभर. पाणी चिमूटभर कसं सांडतं ते मला विचारू नका, बाईंना विचारा. एकदा मालकांनी मला चिखलात उभं केलं तेव्हा "वाटीभर" झालं होतं. घड्या शिवणातून उरलेल्या कापडाच्या असल्यामुळे फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. लोकांच्या दिवाणखान्यांवर पाय ठेवून मी कितीतरी डोंगर पाहिले आहेत.

मला त्या लंगडोबा म्हणत. "लंगडोबा घेतला का?" हे घरातून निघतानाचं शेवटचं वाक्य असे. राग यायचा, पण मला हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतंच.

फिरलो मात्र पुष्कळ. एकदा एका खिंडीत पाच तास धुक्यात उभे होतो. मालक दर थोड्या वेळाने म्हणत, "दोन मिनिटं, आता उघडेल." डोंगर काही उघडला नाही. मालकांनी धुक्याचेच बारा फोटो काढले. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "पांढरा पडदा छान आलाय." दुसऱ्या एका डोंगरावर एवढा वारा होता की बाई खाली बसल्या आणि माझे दोन पाय छातीशी धरून ठेवले. त्यांचे केस माझ्या चापात अडकले, डोळ्यांत धूळ गेली, पण त्या हलल्या नाहीत. त्या फोटोचं नाव 'निश्चल'. 'एकांत' नावाचाही एक फोटो आहे. तो काढला तेव्हा तिथे सतरा माणसं, एक आइस्क्रीमची गाडी आणि शिट्टी मारणारा बसचा वाहक एवढी मंडळी हजर होती. ती सगळी तळ्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती, म्हणून कुणी चित्रात आलं नाही.

बाईसुद्धा कधी चित्रात आल्या नाहीत. "जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतेस," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्या बाजूला व्हायच्या आणि टाका पुढे घालायच्या. शहरातले निम्मे पडदे त्यांनी तळ्याकाठी शिवले असतील.

आता एक गुपित. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मालकांना ताप आला होता, म्हणून कॅमेरा साफ करायला बाई घेऊन गेल्या. सोबत मीही होतो. दुरुस्तीवाल्याने मला सहज दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याचा हा चाप सैल आहे. पाय सरकतोय. दहा मिनिटांचं काम आहे, करून देऊ?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा सरळ झाला तर मी तिथे जाऊन करू काय?"

दुरुस्तीवाला हसला. बाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मी तेव्हापासून स्वतःच्या व्यंगाकडे जरा आदराने बघू लागलो.

तुम्हाला वाटेल, नवरा-बायकोत बोलायला दुसरं काहीच नव्हतं का? होतं. दूध, भाडं, मुलीची शाळा, कुणाकडे कधी जायचं, सगळं होतं. पण कौतुक, माफी, काळजी असल्या गोष्टींना त्या घरात शब्द नव्हते. भांडण झालं की दोन-दोन दिवस अबोला. मग शनिवारी मालक मला खांद्यावर टाकत, बाई निमूट पिशवी उचलत, आणि कुठल्यातरी काठावर मालक विचारत, "सांडतंय का?" बाईंनी "अर्धा चमचा" म्हटलं की भांडण मिटलं असं मी समजायचो. माझा अंदाज कधी चुकला नाही.

एकदा मात्र भांडण शनिवारी मिटलं नाही. मालकांना एका मोठ्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. वर्तमानपत्राचा माणूस दुकानात आला. मालकांनी नवा शर्ट घातला होता. मुलाखत छापून आली तेव्हा बाई पडद्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि मोठ्याने वाचलं, "मी नेहमी एकटाच जातो. निसर्गासमोर माणसाने एकटंच उभं राहायला हवं."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. पेपरची नीट घडी घातली. घडी घालण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

शनिवारी मालक बूट घालून तयार झाले. "निघायचं ना?"

"तुम्ही जा," बाई म्हणाल्या. "एकटं उभं राहायला हवं ना?"

"अगं, ती आपली बोलायची पद्धत असते."

"हो का? मग बोला की."

तसा शब्द मालकांकडे नव्हताच. ते मला घेऊन निघाले. बोचकं घरीच राहिलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की मालकांच्या खांद्याला माझं वजन झेपत नाही.

तळ्यावर त्यांनी डोळा लावला, घसा खाकरला आणि विचारलं, "सांडतंय का?" उत्तर आलं नाही. त्यांनी मागे वळून रिकाम्या दगडाकडे पाहिलं. मग इकडचे तिकडचे चपटे दगड माझ्या पायांखाली घातले, काढले, परत घातले. मला दाबलं, थोपटलंसुद्धा. शेवटी नुसतेच फोटो काढले. तीन शनिवार हे चाललं. घरी अबोला होताच. तो आता आपोआप संपणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

त्या तीन शनिवारांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. सगळी तळी सांडलेली. मालकांना त्यातलं काही दिसत नव्हतं. आता आपली फजिती होणार असं मला वाटलं. मी दालनाच्या मधोमध उभा होतो, माझ्यावर मालकांचा जुना कॅमेरा, शोभेसाठी. एक समीक्षक आले, हनुवटीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "कललेलं क्षितिज. आजच्या माणसाचा सुटलेला तोल तुम्ही नेमका पकडलाय. हे मुद्दाम केलंत ना?"

मालकांनी "अं... हो, म्हणजे..." केलं.

पुढचे दोन दिवस सगळे सुटलेल्या तोलाबद्दल बोलत होते. मी तोल सुटू नये म्हणून जन्माला आलो आहे, पण मला कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. प्रदर्शन बघायला नव्हे. दालनाच्या व्यवस्थापकाला खिडक्यांना नवे पडदे हवे होते, त्याने मापाला बोलावलं होतं. गळ्यात टेप, हातात वही. त्यांनी चार खिडक्या मोजल्या, भिंतीवरच्या फोटोंकडे एकदाही न बघता. पाचवी खिडकी दोन फोटोंच्या मध्ये होती. तिथे मात्र त्यांचा हात थांबला आणि मान आपोआप तिरपी झाली.

मालकांभोवती समीक्षक आणि आणखी पाच-सहा माणसं होती. मालकांनी बाईंची तिरपी मान पाहिली. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी घसा खाकरला, आणि भरल्या दालनात, इकडून तिकडे, विचारलं, "सांडतंय का गं?"

बाईंनी टेप गुंडाळली. "बादलीभर."

"काय म्हणाल्या त्या?" समीक्षकांनी विचारलं.

"बरोबर म्हणाल्या," मालक म्हणाले. "मला दिसत नाही हो ते. कधीच दिसलं नाही. चांगले आलेले सगळे फोटो तिने सरळ केलेत. मी एकटा गेलो की असे येतात."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर पाचव्या खिडकीचं माप दोनदा लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, 'थोर कलावंताचा दुर्मिळ विनय'. मालकांनी खरं बोलण्याचा आयुष्यात एकदा प्रयत्न केला, तो असा फुकट गेला. पण बाईंनी ते कात्रण मशीनच्या खणात ठेवलं, आणि शनिवारी बोचकं पिशवीत घातलं.

त्यानंतर वर्षं गेली. दुकान सुटलं, मुलीचं लग्न झालं. मुलीला डोंगर आवडत नाहीत, कारण तिचं बालपण तळ्याकाठी डबा सांभाळण्यात गेलं. बाईंचे गुडघे धरले. मालकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं लांबलंय. वर्षातून दोनदा जवळच्या तळ्यावर जाणं होतं, तेही जावयांच्या गाडीतून. उरलेले दिवस मी दारामागे उभा असतो आणि माझ्यावर छत्र्या टांगतात.

जावई फार चांगले आहेत, हीच अडचण आहे. त्यांना काही मोडकं बघवत नाही. या घरातले तीन नळ आणि एक बिजागरी त्यांनी न सांगता दुरुस्त केली. मागे एकदा म्हणाले, "बाबा, कॉम्प्युटरवर क्षितिज एका बोटाने सरळ करता येतं." मालक म्हणाले, "मग तिथवर जायचं कशाला?" मागच्या खेपेला जावयांनी गाडीतून मला काढताना दाबून पाहिलं. "अरेच्चा, पाय सरकतोय याचा. रविवारी करून टाकतो." बाई त्या वेळी चप्पल शोधत होत्या. त्यांनी ऐकलं. जावयाला नको कसं म्हणायचं?

म्हणून म्हणतो, कुणीतरी त्यांना सांगा. नळ करा, बिजागऱ्या करा, माझा पाय तेवढा...

बेल वाजली. आज रविवार आहे, हे बोलण्याच्या नादात लक्षातच राहिलं नाही.

आठ मिनिटं लागली. नवा चाप, नवा रबर. वर माझ्या डोक्यावर जावयांनी एक इवलीशी काचेची नळी चिकटवली, आत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की सगळं सरळ. "चला, तळ्यावर जाऊन बघूच," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं.

काठावर मी उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा घडीशिवाय सरळ. वजन आलं तरी पाय हलला नाही. लोक याला बरं होणं म्हणतात.

"बघा बाबा, बुडबुडा अगदी मधोमध."

मालकांनी चांगला डोळा कॅमेऱ्याला लावला. घसा खाकरला. "सांडतंय का?"

"नाही बाबा," जावई आनंदाने म्हणाले. "आता कधीच सांडणार नाही."

मालकांचं बोट बटणावर तसंच राहिलं. "तुम्हाला नाही हो, जावईबापू. तिला विचारतोय."

बाई घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. त्यांनी कॅमेऱ्याची वरची कड पाहिली, पलीकडचा काठ पाहिला. ती नजर कधी चुकलेली नाही, आणि मी शरमेने ताठ उभा होतो.

"चमचाभर," बाई म्हणाल्या. "डावीकडे."

जावयांनी तोंड उघडलं. मुलीने त्यांच्या पायावर पाय दिला. बाई मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, पाच पावलं आल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि माझ्या नव्याकोऱ्या पायाखाली निळ्या फुलांची घडी सरकवली. वरचा बुडबुडा सरकून नळीच्या टोकाला गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ होतो, आणि आता तळं खरोखर उजवीकडे सांडू लागलं होतं.

मालकांचा चेहरा त्या नळीपासून वीतभर अंतरावर होता. बुडबुडा हललेला त्यांना दिसला. एवढं त्यांनाही दिसतं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता राहिलं."

मालकांनी बुडबुड्यावर अंगठा ठेवला आणि बटण दाबलं.

तो फोटो पुढच्या खोलीत लावलाय, जुन्याच खिळ्यावर. तुम्ही कधी त्या घरी आलात तर चहा घ्या, बसा, दारामागे मी दिसलो तर छत्री टांगा. फ्रेमला मात्र हात लावू नका.